हिशेब चोख ठेवून गेलेले आमचे दादा

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात नुकताच आमच्या वडिलांच्या प्रथम पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झाले, परित्राण पाठ झाला, पुष्पे वाहून झाली आणि मग रीतीप्रमाणे चार माणसे बोलायला उभी राहिली. सगळे चांगलेच बोलले. त्यांतले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, “दादा तसे चळवळीत नव्हते, पण माणूस म्हणून लाख मोलाचे होते.” लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. कारण हेच वाक्य मी स्वतः कित्येक वर्षे बोलत आलो होतो, आणि तेही दादांच्या समोर. ते खरे आहे की खोटे, हे एकदा तपासून पाहावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

दादा म्हणजे आमचे वडील. घरातले त्यांना दादा म्हणत म्हणून चाळही दादाच म्हणू लागली. मुंबईच्या बेस्टमध्ये छत्तीस वर्षे कंडक्टरची नोकरी करून ते १९९८ साली निवृत्त झाले आणि २०२४ च्या पावसाळ्यात वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी कालकथित झाले. आपले नाव छापून आलेले त्यांना आवडत नसे. म्हणून येथेही मी ते देत नाही. नाहीतरी असे दादा त्या काळी नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या प्रत्येक चाळीत एक-दोन तरी होतेच. वाचकांनी आपापल्या चाळीतला दादा आठवावा.

गाव आणि मुंबई

दादांचा जन्म दापोली तालुक्यातील एका खेड्यात झाला. गावच्या विहिरीवर आपल्या माणसांनी जायचे नाही, कोणी दयाळू भेटला तर त्याने वरून ओतावे आणि आपण खाली ओंजळ धरावी, हे त्यांनी लहानपणी अनुभवले होते. आमचे आजोबा १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहास चालत गेले होते, असे घरात सांगत. दादांना त्याचा अभिमान होता, पण त्याविषयी ते फार बोलत नसत. “ते गेले, म्हणून आपण नळाचे पाणी पितो,” एवढेच म्हणत.

बाराव्या वर्षी ते चुलत्यांबरोबर मुंबईस आले. चुलते गिरणीत होते व नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहत. ज्यांनी या चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. अशा खोलीत दादा रात्रशाळा करून मॅट्रिकपर्यंत शिकले. दिवसा मिळेल ते काम, रात्री शाळा, आणि झोप बाहेरच्या गॅलरीत.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा दादा सोळा वर्षांचे होते. राजगृह आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. ७ तारखेला राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत जो जनसागर लोटला, त्यात तेही होते. गर्दीत त्यांच्या पायातली एक चप्पल गेली, तेव्हा त्यांनी दुसरीही काढून टाकली व अनवाणीच चौपाटी गाठली. तेथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. ती वाळूत उभे राहून घेणाऱ्यांत दादा होते. त्यांच्या चळवळीची सुरुवात खरे तर तेथेच झाली. पण ती आम्हाला दिसली नाही, कारण तिच्यात भाषण नव्हते.

पेटी, पंच आणि वे-बिल

१९६२ च्या सुमारास दादा बेस्टमध्ये लागले. तेव्हा मुंबईत ट्राम चालत होती. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आणि विजेची १९०७ साली सुरू झाली. दादांनी ट्रामचे शेवटचे दिवस पाहिले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. दादा ड्युटी संपवून त्या गर्दीत उभे राहिले होते. “माणसे ट्रामसाठी रडली, हे मी पाहिले आहे,” असे ते नातवंडांना सांगत.

पुढे सारी नोकरी बसवर. काखेत चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंच. निरनिराळ्या किमतीची निरनिराळ्या रंगांची तिकिटे, त्यांवर क्रमांक. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या तिकिटाचा क्रमांक वे-बिलावर लिहायचा, फेरी संपल्यावर पुन्हा लिहायचा. दोहोंतील फरक म्हणजे विकलेली तिकिटे, त्याला किमतीने गुणले की रोकड. ती पिशवीतल्या पैशांशी जुळली पाहिजे. कमी भरली तर कंडक्टरने पदरची घालायची. मी बी.कॉम. झालो, फोर्टमध्ये आनंद भवनात सिद्धार्थ कॉमर्स कॉलेजला शिकलो, आज कचेरीत खतावण्या तपासतो. पण आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाण्याआधी दादांच्या वे-बिलाने शिकवले होते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कंडक्टर म्हणजे काय, हे दादा एकदा फार साध्या शब्दांत म्हणाले होते: “गावात आपल्या ओंजळीत लोक वरून पाणी टाकत. मुंबईत मी रोज शेकडो लोकांच्या हातातून पैसे घेतले आणि त्यांच्या हातात तिकीट दिले. कोणी हात मागे घेतला नाही.” मी तेव्हा हसलो होतो. म्हटले, “दादा, त्यांना तुमची जात ठाऊक नव्हती म्हणून.” दादा म्हणाले, “असेल. पण माझ्या बिल्ल्यावर नंबर होता, जात नव्हती. एवढे तरी झाले की नाही?” आज वाटते, माझ्या पुस्तकी उत्तरापेक्षा त्यांचा अनुभव मोठा होता.

एक बेल थांबायची आणि दोन बेल निघायची. दादा म्हातारी माणसे नीट उतरून फुटपाथवर उभी राहिल्याशिवाय दोन बेल देत नसत. ड्रायव्हर आरशातून पाहत राही, मागची गाडी हॉर्न मारी. दादा दोरीला हात लावून शांत उभे.

संसाराची ड्युटी

पहिल्या पाळीला दादा पहाटे तीनला उठत. पंपाच्या स्टोव्हचा आवाज मुलांना उठवील म्हणून मुद्दाम वातीचा स्टोव्ह घेतलेला. आपला चहा करीत, आईचा झाकून ठेवीत आणि वडाळ्याच्या डेपोकडे अंधारात चालत जात. खोलीत आम्ही आठ माणसे. आईवडील, आम्ही तीन भावंडे, गावाहून आलेली आजी आणि दादांच्या विधवा बहिणीचे दोन मुलगे. आत्या गावी शेतमजुरी करी. तिच्या मुलांना शिक्षणासाठी दादांनी आणले ते नोकरीला लावूनच सोडले. ते आमचे सख्खे भाऊ नाहीत हे मला चौथीपर्यंत माहीत नव्हते. कपडे पाचांनाही एकाच ताग्यातले शिवले जात, म्हणून कोणी कोणाचा हेवा करण्याचा प्रश्नच नव्हता.

पगाराच्या दिवशी दादा पाकीट आईच्या हातात देत आणि मग दोघे मिळून वहीत मांडत. किराणा, शाळा, गावची मनीऑर्डर, शाखेची वर्गणी. त्या वहीतही आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक असे. व्यसन कोणतेच नव्हते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साऱ्या घरादाराचे कपडे तेच धूत. मजल्यावरचे पुरुष थट्टा करीत, “कंडक्टर, आज घरची ड्युटी वाटतं?” दादा म्हणत, “हो, हिला ओव्हरटाइम नाही, म्हणून मी करतो.”

आमची आई लग्न होऊन आली तेव्हा निरक्षर होती. बाजारात जायचे तरी बसचा क्रमांक कोणाला तरी विचारावा लागे, आणि ती लाजे. दादांनी उपाय काढला. फेरी संपल्यावर गाडीत प्रवाशांनी टाकलेली जुनी तिकिटे ते उचलून आणीत. रात्री जेवणे झाली की ती तिकिटे सतरंजीवर मांडीत आणि आईला अंक ओळखायला लावीत. बसच्या पुढच्या पाटीवर क्रमांक मराठी अंकांत असतो, हे मुंबईकरांना ठाऊकच आहे. महिन्याभरात आई एकटी बसने परळला जाऊन आली. त्या दिवशी तिने दारातूनच ओरडून सांगितले, “अहो, मी कुणाला विचारलं नाय!” अंकांनंतर अक्षरे आली. पुढे वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आमच्या मजल्यावर होई. आधी दादा वाचत, त्यांना पाळी असली की आई वाची. अडखळत वाची, पण वाची. तिचे वाचन ऐकून आणखी दोघी बायकांनी पाटी हातात घेतली. त्यांतली एक पुढे शाखेच्या महिला मंडळाचा हिशेब लिहू लागली.

मुलींच्या शिक्षणाबाबत दादा हट्टी होते. माझ्या थोरल्या बहिणीला दहावीनंतर स्थळ आले. मुलगा चांगला, नोकरीवाला. आजी, चुलते, सगळे तयार. दादांनी एकच वाक्य सांगितले, “तिचे तिकीट शेवटपर्यंतचे काढले आहे, मध्येच उतरवणार नाही.” ती डी.एड. होऊन शिक्षिका झाली. तिचे लग्न बौद्ध पद्धतीने, हुंडा न घेता-देता, दुपारच्या चहावर झाले. नातेवाईक रुसले. दादांनी रुसवे काढले नाहीत. त्यांचा हा स्वभाव होता. एकदा ठरले की ठरले. त्यात त्यांची काही माणसे कायमची दुरावली, हेही सांगितले पाहिजे. सख्खे चुलतभाऊ दहा वर्षे बोलत नव्हते. दादा त्याचे दुःख करीत, पण पाऊल मागे घेत नसत.

१९९७ चा जुलै

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण हिशेब मांडायला बसलो तर नावे बाजूची रक्कम लपवून चालत नाही.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि आपली दहा माणसे मारली गेली. मी तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजात, रक्त तापलेले. दादा त्या दिवशी कामावरून आले, बातमी ऐकली आणि जेवणाच्या ताटावरून उठले. काही बोलले नाहीत. मला त्यांच्या न बोलण्याचाच राग आला. मी म्हणालो, “तुम्हाला काहीच वाटत नाही का? उद्या कामावर जाणार?” ते म्हणाले, “जाणार.” मी रागाने घराबाहेर पडलो आणि जाताना जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. चळवळीत नसलेला बाप, असा त्याचा अर्थ होता.

पुढच्या दिवसांत शहरात संतापाची लाट होती. रस्ते अडवले गेले, गाड्यांवर दगड पडले. एका दुपारी आम्ही पाच-सहा मित्र दादरच्या बाजूला होतो. समोरून बस आली. माझ्या हातात खडी होती. मी मारली. काच फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही पळालो.

संध्याकाळी घरी आलो तर दादा खाटेवर बसलेले, डाव्या भुवईवर पट्टी. पूर्व उपनगरातल्या मार्गावर त्यांच्या गाडीवर दगड आला होता. खिडकीची काच लागून तीन टाके पडले होते. ती गाडी वेगळी, तो रस्ता वेगळा, मारणारा हात वेगळा. हे सारे मला कळत होते. तरी माझ्या पायांखालची जमीन सरकली. आई विचारत होती, “कुणी मारलं ओ?” दादा म्हणाले, “कुणी का असेना. आपलाच कुणाचा तरी मुलगा.”

मग माझ्याकडे न पाहता ते बोलले. “बाळ, मारणाऱ्याला वाटते आपण बसला दगड मारला. बसला काही लागत नाही. आत कामावरून परतणारी बाई असते, दवाखान्यातून येणारा म्हातारा असतो, त्याला लागते. राग यायलाच पाहिजे. दहा माणसे गेली, राग नाही आला तर आपण माणसे कसली? पण राग टिकेल असे काही तरी कर. दगड एकदाच मारता येतो.”

दुसऱ्या दिवशी पट्टीसकट ते कामावर गेले. मी त्या आठवड्यात काहीच केले नाही, नुसता बसून राहिलो. मग महिन्याभराने चाळीतल्या दहा मुलांना जातीच्या दाखल्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसलो. कोणाचे जन्मपत्र नाही, कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर जात चुकीची, कोणाचा बाप गावी. कचेऱ्यांचे हेलपाटे घातले. आज या कामाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला. लोक मला कार्यकर्ता म्हणतात तो या कामामुळे. त्याची सुरुवात कोठे झाली हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

सहा डिसेंबर

माझी दुसरी तक्रार अशी होती, की सहा डिसेंबरला सारी चाळ चैत्यभूमीवर रांगेत उभी असे आणि दादा कधीच नसत. आम्ही मुले शाखेच्या पाणपोईवर असू. लोक विचारत, “वडील नाही आले?” मी खाली पाही.

खरे कारण त्यांच्या बरोबरच्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांनी पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला सांगितले. महापरिनिर्वाण दिनी दादर भागात बेस्टच्या जादा गाड्या सुटतात. त्या दिवशी सुट्टीची पाळी असली तरी दादा ती बदलून घेत आणि जादा गाडीची ड्युटी मागून घेत. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसे. डोक्यावर बोचके, फडक्यात भाकरी, कडेवर पोर. अनेकांची मुंबई पहिल्यांदाच. कुठे उतरायचे, परतीची गाडी कुठून, पाणी कुठे, हे दादा प्रत्येकाला सांगत. थांबा आला की मोठ्याने म्हणत, “चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी सावकाश उतरा, घाई नाही, बाबासाहेब कुठे जात नाहीत.” एका आजीने त्यांना तिकिटाच्या पैशांबरोबर गाठोड्यातली अर्धी भाकरी दिली होती आणि दादांनी ती तेथेच, उभ्या गाडीत खाल्ली, असे काका म्हणाले. सांगता सांगता काकांचा आवाज भरून आला.

आणि दर्शन? ते दादा ७ डिसेंबरला पहाटे घेत. गर्दी ओसरलेली, झाडलोट चाललेली. १९५६ साली ते जेथे अनवाणी पोहोचले होते तो दिवस सातच होता. तेथे जाताना ते चपला घरीच ठेवून निघत, हे मात्र आम्ही दरवर्षी पाहत होतो. विचारले कधीच नाही.

आईचे आजारपण

निवृत्तीच्या वर्षीच, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. फंडाच्या पैशांतून दादांनी गावी दोन खोल्यांचे घर बांधले. आईला घेऊन खेडपर्यंत रेल्वेने, पुढे एस.टी.ने ते जात. “छत्तीस वर्षे दुसऱ्यांची तिकिटे फाडली, आता स्वतःचे काढतो,” असे म्हणत खिडकीची जागा आईला देत.

हे सुख दहा-अकरा वर्षे टिकले. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुढची सहा वर्षे दादांनी तिचे सर्व केले. अंघोळ, वेणीफणी, भरवणे. वहिनी आणि माझी पत्नी पुढे झाल्या की म्हणत, “पोरींनो, तुम्ही तुमच्या कामावर जा. ही ड्युटी माझी आहे.” सत्तरीचा माणूस रोज सकाळी बायकोचे केस विंचरून अंबाडा घालतो, हे पाहायला मजल्यावरच्या लहान मुली दारात उभ्या राहत. तो अंबाडा रोज एका बाजूला कललेला असे. आई डाव्या हाताने चाचपून पाही आणि हसे.

डॉक्टरांनी सांगितले होते, रुग्णाला काही ना काही शिकवत राहा, बोलत राहा. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर दादांनी पलंगावर जुनी तिकिटे मांडलेली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या डब्यात काही उरली होती. दादा विचारीत, “सात कुठे?” आई डाव्या हाताचे बोट ठेवी. चुकले की दादा म्हणत, “असू दे, पुन्हा.” तिला नव्याने शिकवताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मी पायरीवरच थांबलो, आत गेलो नाही.

त्याच दिवसांत एका रात्री मी त्यांना १९९७ ची गोष्ट सांगितली. मीही एका बसवर दगड मारला होता, असे म्हणालो. दादा आईचे पांघरूण नीट करीत होते. म्हणाले, “ठाऊक आहे. तुझ्या पॅंटच्या खिशात खडीची पूड होती. कपडे मी धूत असे.”

“मग तेव्हा का नाही विचारलेत?”

“विचारले असते तर तू नाही म्हणाला असतास. पोराला खोटे बोलायला कशाला लावायचे?”

आई २०१५ साली गेली. शेवटच्या दिवशीही तिचा अंबाडा दादांनीच घातला.

शेवटचा हिशेब

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली. हार, फुगे लावून लोकांनी तिला निरोप दिला. वातानुकूलित विजेच्या नव्या दुमजली गाड्या त्याच वर्षी फेब्रुवारीत आल्या होत्या. दादांना मी टीव्हीवर ते दाखवले. ट्रामच्या निरोपाला उभा राहिलेला हा माणूस दुमजलीच्या निरोपालाही होता. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “नव्या गाडीत म्हातारी माणसे नीट उतरली की नाही, हे बघायला कंडक्टर आहे ना?” आणखी काही विचारले नाही.

त्यांच्या जाण्यानंतर जलदान विधी आणि शोकसभेच्या निमित्ताने जेवणावळ घालायची नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्या पैशांतून वस्तीतल्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षांची पुस्तके दिली.

खोली आवरताना त्यांच्या वह्या सापडल्या. मी हिशेबाचा माणूस. रात्रभर चाळत बसलो. ‘परीक्षा फी’ असे लिहून पुढे खोलीचा क्रमांक, अशा कितीतरी नोंदी होत्या. आमच्या खोलीचा क्रमांक नसलेल्या. दुसऱ्यांच्या मुलांची फी दादांनी भरली होती आणि ‘येणे’ या रकान्यात काहीही लिहिले नव्हते. म्हणजे ते पैसे परत यायचे आहेत असे त्यांनी कधी धरलेच नाही. जुलै १९९७ चे पान मी शोधून काढले. तेथे एकाखाली एक दोन ओळी होत्या. ‘टाके व औषध’ आणि ‘एक दिवसाचा पगार, रमाबाई नगर’. कपाळावर पट्टी असलेल्या त्याच आठवड्यात त्यांनी पीडित कुटुंबांसाठी दिवसाचा पगार दिला होता, आणि मी त्यांना चळवळीत नसलेला बाप म्हणत होतो.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, स्वाभिमानाने जगायला सांगितले, पंचशील पाळायला सांगितले. दादांनी बायकोला शिकवले, मुलीला शिकवले, बहिणीच्या मुलांना शिकवले. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचा पैसा हाताळला आणि एक पैसा घरी आणला नाही. दारूला शिवले नाहीत. आजारी बायकोची सहा वर्षे सेवा केली. सहा डिसेंबरला हजारो माणसांना बाबासाहेबांच्या दारापर्यंत सुखरूप पोहोचवले. हे जर चळवळीत नसणे असेल, तर चळवळीत असणे म्हणजे काय, हे आपण कार्यकर्त्यांनी एकदा स्वतःला विचारावे.

व्यासपीठावरच्या माणसांची आठवण आपण ठेवतो, ती ठेवलीच पाहिजे. पण आपल्या घरात जो म्हातारा कोपऱ्यात गप्प बसला आहे, त्याला आजच, तो असतानाच, दोन प्रश्न विचारा. सहा डिसेंबरला तुम्ही कुठे असायचा, सात तारखेला अनवाणी का जायचा, असे. मी विचारले नाही, त्याची नोंद माझ्या वहीत नावे बाजूला कायम राहील.

त्या जुन्या कार्यकर्त्यांना मी परवा भेटलो व ही वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, वही बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलायला उभे कर. मागचे वाक्य परत घ्यायचे आहे.”

दादांच्या व आईच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम. नमो बुद्धाय.